उजव्या हाताचं घर

"घराला कुलूप असलं, तर मग इचारायचं कुनाला?"

राष्ट्राध्यक्षांच्या हातातली फिरकी थांबली.

"थांबू नगं. पीळ सुटंल."

फिरकी पुन्हा फिरू लागली.

"उजव्या हाताचं पुढचं घर घ्यायचं," राष्ट्राध्यक्ष म्हणाले. "तेही बंद असेल, तर त्याच्या पुढचं. तेही बंद असेल, तर त्याच्याही पुढचं. पहिलं उघडं घर मिळेपर्यंत."

"आन् त्याला काय इचारायचं?"

"तेच. काल किती वेळा जेवलात, काय जेवलात, घरात किती दिवसांचे दाणे आहेत."

"त्याचं त्याला?"

"हो. त्याचं त्याला."

"आन् लिवायचं कुनाच्या नावावर?"

"नावावर लिहायचं नसतं, बुवा. घराच्या क्रमांकावर."

"कंच्या घराच्या?"

"…बंद घराच्या."

बुवांनी मांडीवरच्या घायपाताच्या वाखातून आणखी चार धागे उपसले, दोराच्या तोंडाला लावले आणि मान हलवली. पटल्यासारखी हलवली की न पटल्यासारखी, ते काही राष्ट्राध्यक्षांना कळलं नाही.

"मागं सर," बुवा म्हणाले.

राष्ट्राध्यक्ष एक पाऊल मागे सरले.

आता, एका देशाचा राष्ट्राध्यक्ष भर सकाळी एका मठाच्या अंगणात घायपाताचा दोर वळत का उभा होता, हे सांगायला हवं. देशाचं नाव मात्र सांगणार नाही. नाव सांगितलं की ऐकणारे नकाशा काढून बसतात आणि गोष्ट राहते बाजूला.

राष्ट्राध्यक्षांचं नाव डॉ. नीळकंठ वर्दे. मूळचे अर्थशास्त्रज्ञ. सव्विसाव्या वर्षी ते माळावरच्या या तेरवण गावात आले होते, पाठीवर वळकटी आणि पिशवीत छापील प्रश्नांचे कागद घेऊन. माळावरची माणसं पोटभर जेवतात की नाही, एवढंच त्यांना शोधायचं होतं. त्याआधी या विषयावर राजधानीत पुष्कळ बोलून झालं होतं, पण घरोघर जाऊन कुणी विचारलं नव्हतं. वर्द्यांनी विचारायचं ठरवलं.

उतरायला जागा नव्हती. मठाच्या केरोबुवांनी ओसरी दिली.

पहिले आठ दिवस गाव त्यांच्याशी बोलेना. हातात कागद असलेला माणूस म्हणजे सरकारी, आणि सरकारी माणसाला जेवढं कमी सांगावं तेवढं बरं, असा गावाचा हिशेब. मग बुवांनी त्यांना शिकवलं. उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारायचं नाही, खाली बसायचं. आधी पाणी मागायचं, ते सगळं प्यायचं, आणि भांडं परत दिल्याशिवाय पिशवीला हात लावायचा नाही. वर्दे तसं करू लागले आणि गाव बोलू लागलं. तेव्हापासून ते बुवांना गुरू मानतात. पुढे तीन मोठ्या भाषणांत त्यांनी तसं सांगितलंही आहे, मात्र भाषण द्यायला ते तेरवणला कधी आले नाहीत.

चिठ्ठ्या टाकून साठ घरं निवडली होती. पौष संपायच्या आत साठही कागद भरले. निष्कर्ष निघाला की साठातली अठ्ठावन्न घरं दोन्ही वेळा जेवतात.

त्या अठ्ठावन्न घरांवर वर्द्यांचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. परदेशी विद्यापीठाने पदवी दिली. पुस्तक निघालं, ते अभ्यासक्रमाला लागलं, आणि ज्यांनी ते वाचलं नव्हतं तेही त्यातला आकडा सांगू लागले. मग प्राध्यापकी, मग मध्यवर्ती बँकेचं गव्हर्नरपद. सात वर्षं देशातल्या प्रत्येक नोटेवर त्यांची सही होती. मग अर्थमंत्री झाले, तिथे त्यांना कुणी फार पसंत केलं नाही आणि कुणी फार शिव्याही दिल्या नाहीत. शेवटी राष्ट्राध्यक्ष निवडायची वेळ आली तेव्हा दोन मोठ्या पक्षांचं एकाही नावावर जमेना. कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला, शिवाय विद्वान, असा माणूस हवा होता. वर्दे मिळाले.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग टेबलावर ते विधेयक आलं.

माळावरच्या अकरा जिल्ह्यांत सरकार भाकरघरं चालवतं. घरातले दाणे संपले की माणसाने तिथे जायचं, दोन भाकऱ्या आणि कालवण मिळतं, कुणी काही विचारत नाही. उसाच्या फडांवर जिथे तोडणीच्या टोळ्या उतरतात, तिथेही अशी घरं आहेत. नव्या विधेयकाने ती सगळी बंद होणार होती. कारण पहिल्याच परिच्छेदात दिलं होतं. 'डॉ. नीळकंठ वर्दे यांच्या तेरवण येथील अभ्यासाने सिद्ध केल्याप्रमाणे माळावर उपासमार नाही.'

सही झाली की कायदा. राष्ट्राध्यक्षांना विधेयक एकदाच परत पाठवता येत होतं, तेही आपल्या हाताने कारण लिहून. मुदत उद्या दुपारपर्यंत.

परत पाठवायचं वर्द्यांच्या मनात नव्हतं. स्वतःचंच वाक्य कोण परत पाठवील?

पण फाइलीला त्यांच्या अभ्यासाची जुनी प्रत जोडली होती. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक टीप होती. 'चौदा घरे बंद आढळली. नियमानुसार उजव्या हाताचे पुढील घर घेतले.' त्या टिपेपुढे कुणीतरी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं.

बस्स, एवढंच. कोणी काढलं, हे वर्द्यांनी विचारलं नाही. चार दिवस मात्र जेवताना, फिरायला गेल्यावर, पाहुण्या राजदूताशी हात मिळवताना ते प्रश्नचिन्ह त्यांना दिसत राहिलं.

म्हणून ते तेरवणला आले. स्वतःला त्यांनी कारण वेगळं सांगितलं होतं. गुरूचं दर्शन घेऊन तीस वर्षं झाली, गावाचं नाव कायद्यात येतंय, तेव्हा ही बातमी आपणच जाऊन द्यावी, असं ते कारण.

बुवा नव्वदीच्या घरात गेले होते. ओसरीवर बसून वाख विंचरत होते. गाड्यांचा ताफा वेशीवर थांबला, शिपाई धावले, कुत्री भुंकली, तरी त्यांनी वर पाहिलं नाही. वर्दे पायाशी वाकले तेव्हा पाहिलं.

"निळू व्हय?"

"हो, बुवा."

"केस गेलं की रं समदं."

"गेले खरे."

"हल्ली काय काम करतूस?"

"राष्ट्राध्यक्ष आहे."

"म्हंजी काय करायचं असतंय?"

वर्दे अडखळले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

"…सही."

"रोज?"

"बहुतेक रोज."

"मंग वेळ असंल. धर."

आणि बुवांनी पीळ द्यायची लाकडी फिरकी त्यांच्या हातात दिली. वर्द्यांचा परिसहायक, कॅप्टन शेवडे, फाइलीची पेटी खाली ठेवून चटकन पुढे झाला. "सर, मी धरतो."

"तुला कुनी सांगितलंय?" बुवा म्हणाले. "तुजा गुरू न्हवं मी."

शेवडे मागे झाला.

असा तो दोर सुरू झाला. बुवा ओसरीवर बसून धागे लावत होते आणि वर्दे फिरकी फिरवत मागे मागे सरत होते. फिरकी फिरवता फिरवता त्यांनी विधेयकाची हकिगत सांगितली, गावाच्या नावाचं सांगितलं. बुवांनी 'बरं' म्हटलं, दोनदा म्हटलं. आनंद झाल्यासारखं काही दिसलं नाही. मग वर्दे सहज बोलल्यासारखं त्या टिपेबद्दल आणि पेन्सिलीच्या खुणेबद्दल बोलले, आणि बुवांनी कुलपाचा तो प्रश्न विचारला.

दोर वाढत होता.

वर्दे अंगणाच्या फाटकाबाहेर गेले, मग गल्लीत. पायाखाली काय आहे ते दिसत नव्हतं, समोर फक्त लांब होत जाणारा दोर आणि दोराच्या टोकाला बुवा. शेवडे बाजूने चालत "सर, दगड… सर, गटार…" असं सांगत होता. दोन घरं गेली. गल्ली जिथे वळते तिथे एका घराचं दार थेट मठाकडे तोंड करून आहे. त्या दारावर वर्दे पाठीने आदळले.

काहीतरी टणक पाठीत रुतलं.

"सर! लागलं का?"

वर्दे वळले. कुलूप होतं. दाराला दसऱ्याचं तोरण तसंच होतं, वाळून काळं पडलेलं.

"काय झालं?" ओसरीवरून बुवांनी ओरडून विचारलं.

"घर आलं, बुवा. मागे जागा नाही."

"मंग इचार की त्येला. काल किती येळा जेवलास म्हून."

"कुलूप आहे!"

"हां… मंग तुजा काय नेम आसंल तसं कर."

शेवडे आज्ञाधारक माणूस. सर काही बोलायच्या आत तो उजवीकडच्या घरापाशी गेला. "इथेही कुलूप आहे, सर." त्याच्या पुढच्या घरापाशी गेला. "इथेही आहे, सर."

"पुरे," वर्दे म्हणाले.

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. शेवडे जागच्या जागी थांबला.

वर्दे दोराचं टोक तसंच ताणून धरून उभे राहिले. आपण काहीतरी मूर्खासारखं करतो आहोत आणि ते आपल्याखेरीज सगळ्यांना दिसतं आहे, असं त्यांना वाटलं. असं त्यांना विद्यार्थी असतानाही वाटलेलं आठवत नव्हतं.

"कोणाचं घर आहे हे?"

"तुळशीरामाचं."

"गेलेत कुठे?"

"ऊस तोडाया."

"कधी येतील?"

"पाडव्याला येत्यात."

"आणि… तेव्हा? मी आलो होतो तेव्हा?"

"तवाबी पाडव्यालाच यायचं."

बुवांनी वाखाची लड मांडीवरून खाली ठेवली. आता ते ओरडत नव्हते, तरी प्रत्येक शब्द ऐकू येत होता. गल्लीत दुसरं कुणी बोलायलाच नव्हतं.

"दिवाळी झाली की तुळशीरामाचं दाणं सरायचं. दाणं सरलं की बायकापोरं घेऊन निघायचा. तू पुसाच्या म्हैन्यात आलास."

वर्द्यांचं डोकं थांबत नव्हतं.

सवय जाते कुठे? साठ घरं. दोन उपाशी, अठ्ठावन्न पोटभर. अठ्ठावन्नातून चौदा वजा. ज्यांच्या घरात दाणे होते, ते घरी होते. घरी होते, म्हणून त्यांना विचारलं. त्यांना विचारलं, म्हणून दाणे निघाले. चौदा वेळा त्यांनी उपाशी माणसाच्या जागी जेवलेला माणूस बसवला होता, आणि खाली बसून, पाणी पिऊन, भांडं परत देऊन, अगदी नीट बसवला होता.

आजही पौषच होता.

"नियम मी केला नव्हता," ते म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा मोठा लागला. "सगळीकडे हाच नियम होता. परदेशातही हाच होता. अजून आहे!"

"मी कुठं काय म्हनालो?"

"बंद घराला माणूस विचारणार तरी काय, बुवा?"

"कुलूप का लागलं, येवढं तरी."

"कोणाला?"

"कुनालाबी. समद्या गावाला ठावं व्हतं."

…

वर्दे दोर धरून मठाकडे परत येऊ लागले. दोर सैल पडला, जमिनीला टेकला, त्याला माती लागली. ओसरीच्या पायरीपाशी आल्यावर वर्द्यांनी फिरकी हलकेच खाली ठेवली आणि तिथेच बसले, रेशमी कोटासकट.

"तुळशीराम कसा आहे?"

"अकरा वर्सं झाली जाऊन. फडातच गेला. आता ल्योक आन् सून जात्यात."

"मला आठवत नाही तो."

"कसा आठवंल? भेटलाच न्हाई तुला."

शेवडेने एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि पाहिल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही ना, हे पाहिलं.

"शेवडे," वर्दे म्हणाले, "फाइल."

शेवडेने पेटी उघडली. विधेयकाच्या वर एक कोरा कागद असतो, परत पाठवायचं असेल तर कारण लिहायला. तो कागद आजवर कुणी वापरलेला शेवडेने पाहिला नव्हता. वर्द्यांनी तो गुडघ्यावर घेतला, पेन काढलं आणि झरझर लिहिलं. सुटल्यासारखं वाटून त्यांनी श्वास सोडला. भाकरघरं वाचली होती.

"काय लिवलंस?" बुवांनी विचारलं. "वाचून दाव. मला कुठं येतंय."

वर्द्यांनी वाचलं, "'ज्या अभ्यासाचा आधार घेतला आहे तो आता जुना झाला असल्यामुळे विधेयक फेरविचारार्थ परत पाठवीत आहे.'"

"जुना झाला?"

"बेचाळीस वर्षं झाली, बुवा."

"आन् नवा व्हता तवा?"

वर्द्यांनी पेनाचं टोपण लावलं. पुन्हा काढलं.

आता त्यांना भीती वाटत होती, आणि ती कसली हे त्यांना नीट ठाऊक होतं. भाकरघरांचं काम या वाक्यावर भागत होतं. अभ्यास जुना झाला म्हटलं की नवा करा, तोवर भाकरघरं चालू ठेवा, सरकारही फार चिडणार नाही. वर्दे मोठ्या मनाचे, स्वतःच्या अभ्यासालाही जुना म्हणतात, असं वर कौतुक होईल. पण चुकला म्हटलं की पुस्तक गेलं. त्यांच्या नावाची संस्था, त्या संस्थेच्या दारातला त्यांचा अर्धपुतळा, चाळीस वर्षांचे विद्यार्थी, ते विद्यार्थी त्याच नियमाने कुठे कुठे कोणाकोणाला विचारत फिरले असतील ते सगळं गेलं. वर्तमानपत्रं महिनाभर हसतील. सत्तरीला दोन वर्षं उरलेल्या माणसाने पुन्हा काय उभं करायचं?

"'जुना झाला' हे खोटं नाही," ते हळूच म्हणाले.

"न्हाईच."

"त्यानेही काम होतंय."

"हुतंय की."

"मग?"

बुवांनी खाली पडलेल्या दोराचं टोक उचललं, त्याला लागलेली माती बोटांनी झटकली.

वर्दे वाट पाहत राहिले. 'जुना झाला म्हण, चालतंय' असं बुवांनी म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. एक शब्द. त्यासाठीच आपण इतक्या लांबून आलो, हे आता त्यांच्याही लक्षात आलं.

बुवा मातीच झटकत होते.

गल्लीच्या वळणावर ते दार दिसत होतं. ओसरीवरून सरळ दिसतं. म्हणजे तेव्हाही सरळ दिसत असणार. महिनाभर ते याच ओसरीवर झोपले होते.

वर्द्यांनी लिहिलेली ओळ खोडली. एकदा खोडून समाधान झालं नाही, पुन्हा खोडली. मग खाली सावकाश लिहू लागले.

लिहून झाल्यावर, कुणी न सांगता, त्यांनी मोठ्याने वाचलं.

"'माझा तेरवणचा अभ्यास चुकला होता. चौदा घरे बंद होती, कारण त्यांतल्या लोकांकडे खायला नव्हते. त्यांच्याऐवजी मी जेवलेल्यांना विचारले. माळावर उपासमार होती. हे विधेयक परत पाठवीत आहे.'"

शेवडे दुसरीकडे पाहू लागला. ज्या पुस्तकावर तो परीक्षा पास झाला होता तेच पुस्तक त्याच्या डोळ्यांसमोर रद्द होत होतं, आणि अशा वेळी सरांकडे पाहावं की नाही, हे त्याला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

वर्द्यांना वाईट वाटत होतं, पण त्याबरोबर आणखीही काहीतरी वाटत होतं. बरं वाटत होतं. एवढं मोठं कबूल करणारा राष्ट्राध्यक्ष या देशाने पाहिला नव्हता, हा विचार मनात येऊन गेला, आणि आला तसा तो त्यांनी पुरता हाकलला नाही. त्यांनी पेन पुन्हा टेकवलं आणि एक ओळ जोडली. ती वाचताना आवाज स्थिर होता.

"'या चुकीचा सर्व दोष माझा एकट्याचा आहे.'"

बुवा हसले. दात नव्हते, तरी हसू मोठं होतं.

"एकट्याचा?"

"हो, बुवा. एकट्याचा."

"मोठा झालास, निळू. पर येवढा न्हाईस."

वर्द्यांना कळलं नाही.

"तुळशीरामाचं घर बंद व्हतं," बुवा म्हणाले. "मंग तू उजव्या हाताच्या घराकडं आलास. त्येबी बंद. त्येच्या फुडचंबी बंद. …त्येच्या फुडं काय हाय?"

वर्द्यांनी गल्लीच्या वळणाकडे पाहिलं. तुळशीरामाचं दार. मग एक कुलूप. मग दुसरं कुलूप. मग अंगणाचं फाटक, आणि ही पायरी, जिच्यावर ते बसले होते.

ती दुपार त्यांना आठवली. तीन बंद दारं ठोठावून ते दमून आले होते. बुवांनी दुधाचा पेला पुढे केला होता, आणि दोघे हसले होते. 'चला बुवा, नियमाने आता तुमचीच पाळी. सांगा, काल किती वेळा जेवलात?' असं म्हणत त्यांनी मांडीवर कागद पसरला होता.

"बुवा… कोणाच्या घराचा कागद भरतोय, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तूच म्हनालास की. वळनावरच्या बंद घराचा, म्हून."

"आणि त्याच्याकडे दाणे नव्हते, हेही?"

"जाताना त्यो दोन पायल्या मागाया आल्ता मठात. मी दिल्या न्हाईत. भंडारा जवळ आल्ता."

वर्द्यांना पुढचं विचारवेना. तरी त्यांनी विचारलं.

"मग का सांगितलंत मला… तुमचं?"

नव्वदीतल्या त्या माणसाने मान खाली घातली. वाखाचे धागे बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. आपल्या गुरूला लाज वाटताना वर्दे पहिल्यांदाच पाहत होते.

"येवढा शिकलेला मानूस," बुवा म्हणाले, "कागूद घेऊन म्होरं बसला व्हता. मला इचारीत व्हता… बरं वाटलं."

गल्लीत एक कोंबडी तुळशीरामाच्या दारापर्यंत गेली, उंबऱ्यावर काही टिपायला मिळालं नाही, परत आली. वर्दे कागदावरच्या शेवटच्या ओळीकडे बघत होते. 'एकट्याचा' या शब्दावर पेनाचं टोक टेकलं होतं आणि शाई पसरत चालली होती.

बुवांनी हात लांब केला आणि तो कागद वर्द्यांच्या गुडघ्यावर नीट सरळ केला.

"त्या दिशी तुळशीरामाच्या नावानं मी दोनदा जेवलो. वर दूध प्यालो. …लिव."